वर्पे सेक्रेटरी आणि साऱ्या जगाचं उसनं

बाभुळदऱ्यात वाल्मिक वर्प्यांना चहा पाजायचा असेल तर माणसाने आधी घरच्यांशी बोलून घ्यावं. कारण तो कप तिथे संपत नाही. संध्याकाळी वर्पे कोथिंबिरीची जुडी घेऊन तुमच्या ओट्यावर हजर होतात. तुम्ही म्हणता, अहो कशाला, बसा, चहा तरी घ्या. ते घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या चहाबद्दल दुधी भोपळा येतो. एका कपापासून निघालेलं असं एक प्रकरण आंब्याच्या पेटीपर्यंत चढत गेलं होतं, आणि शेवटी दोन्ही घरच्या बायकांनी समोरासमोर बसून ते मिटवलं.

वर्पे गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. अंगाने काटक, आवाज भरदार, आणि शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायला, दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. माणूस इतका सरळ की दुधाचं फॅट मोजायच्या मशीनलासुद्धा त्यांच्यासमोर खोटं बोलायची लाज वाटावी. खोड एकच. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही, आणि घ्यावं लागलंच तर फेडल्याशिवाय सोडायचं नाही. हे त्यांना कुणी शिकवलं ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या बायकोचं, सत्यशीलाबाईंचं मत असं, की हे उपजतच आहे; सुईणीच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय हा माणूस पहिलं रडलाच नसणार.

एकदा छगन न्हाव्याने त्यांना मोटरसायकलवर संगमनेरपर्यंत नेलं. पुढच्या आठवड्यात वर्प्यांनी दुकान उघडायच्या वेळेला छगनला मागे बसवून संगमनेरला नेऊन सोडलं. छगनला तिथे काहीही काम नव्हतं. तो बसस्टँडवर गाड्या बघत बसला आणि दुपारच्या एसटीने परत आला. सूर्यभानचं तर विचारूच नका. वर्प्यांच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने रक्त दिलं होतं. तेव्हापासून सूर्यभान नुसता खोकला तरी वर्पे बाही वर करत दारात उभे. सूर्यभान आता गावात खोकत नाही. खोकायचं झालं तर मळ्यात जातो.

अशा माणसावर मागच्या उन्हाळ्यात देवाने गोरक्षचे उपकार घातले.

झालं असं, की संस्थेचा दूध थंड ठेवायचा कूलर ऐन दुपारी बंद पडला. सगळ्या गावाचं दूध कॅनमध्ये, वर ऊन तापलेलं, आणि टँकरला अजून अवकाश. तेव्हा शेजारच्या खालच्या वाडीच्या संस्थेचा सेक्रेटरी गोरक्ष याने निरोपसुद्धा न पाठवता टेम्पो आणला, आणि बाभुळदऱ्याचं सगळं दूध आपल्या कूलरमध्ये ओतून घेतलं. एक थेंब नासला नाही. वर्प्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं, काय देऊ? गोरक्ष म्हणाला, काही नाही. गोरक्ष हा हसतमुख आणि त्या मानाने फार निर्दय माणूस. वर्षभर वर्पे त्याच्या मागे फिरले, पण त्याने काही मागितलंच नाही. त्याचा कूलर बंद पडावा असं वर्प्यांच्या मनात एक-दोनदा येऊन गेलं, आणि त्या पापाबद्दल त्यांनी शनिवार धरले.

वर्ष सरता सरता संस्थेचे चेअरमन रामहरी आबा पुण्याच्या एका प्रदर्शनात संस्थेचं तूप विकायला गेले. तिथे एका बाईंनी तुपाचा वास घेऊन विचारलं, तुमची वेबसाईट आहे का? आबांना आयुष्यात नाही म्हणायची सवय नाही. ते म्हणाले, हाय की. बाई म्हणाल्या, सांगा. आबांनी वर्प्यांचा मोबाईल नंबर सांगितला. परत आल्यावर त्यांनी फर्मान काढलं, की वार्षिक सभेच्या आत संस्थेची वेबसाईट झाली पाहिजे; पुण्यात आपली अब्रू तेवढ्यावर अडली आहे.

ही बातमी संगमनेरच्या पशुखाद्याच्या दुकानात गोरक्षच्या कानावर गेली. तिथेच आलेल्या वर्प्यांना तो सहज म्हणाला, "तुमची झाली का आमाला बी तीच लावून द्या, सेक्रेटरी." वर्प्यांनी पेंडीच्या पोत्यावरून झेप घेऊन त्याचा हात धरला. चार लोकांच्या देखत शब्द दिला, की जी वेबसाईट बाभुळदऱ्याची तीच खालच्या वाडीची. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. सत्यशीलाबाईंनी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, सुटलो.

ते सुटले नव्हते.

आठवड्याने संस्थेत एका कंपनीच्या पंकजाताई आल्या. चुणचुणीत बाई, हातात टॅब, आणि समोर अकरा संचालक बसलेले असतानाही चेहऱ्यावर हसू. त्यांनी सांगितलं, की वेबसाईट नुसती एकदा करून भागत नाही, ती रोज चालवावी लागते. दर बदलला, तुपाचा फोटो बदलला, सुट्टी लागली, की आत जाऊन बदलायचं. त्यासाठी त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. दर वर्षी लायसन घ्यायचं. बिघडलं तर फोन करायचा, माणूस उचलतो. तीन जणांना आत जाता येईल.

यावर संचालक मंडळात खळबळ उडाली. संचालक अकरा, आत जाणार तीन. प्रत्येकाला आत जायचं होतं. आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण आपण बाहेर राहायचं आणि रामहरी आबांनी आत जायचं, हे कुणालाच पटेना. पंकजाताईंनी सांगितलं, की चौथ्यापासून पुढे प्रत्येकाचं वेगळं पडेल.

वर्प्यांना मात्र हे लायसन पाहताक्षणी आवडलं. पैसे टाका, वापरा, वर्ष संपलं की पुन्हा टाका. कुणाचा उपकार नाही, ओशाळेपण नाही, कोथिंबीर नाही. व्यवहार असावा तर असा. त्यांनी सहीचं पेन काढलं, आणि टोपण उघडता उघडता सहज विचारलं, की हेच खालच्या वाडीच्या संस्थेला लावून दिलं तर चालेल ना?

पंकजाताई म्हणाल्या, नाही. लायसन एका संस्थेपुरतं.

"अहो ताई, मी विकत घेतल्यावर माझं झालं ना ते?" वर्पे म्हणाले. "बैल घेतला आणि शेजाऱ्याला पेरणीपुरता दिला, तर बाजारातला माणूस भांडायला येतो का?"

"काका, हा बैल तुम्हाला विकलेला नाही," पंकजाताई म्हणाल्या. "वापरायला दिलाय. गोठा पण आमचाच आहे."

वर्प्यांनी पेनाला टोपण लावलं.

घरी येऊन ते न जेवता बसून राहिले. त्यांची सून ज्योती संगमनेरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माहेर बेलापूरचं, बोलणं थेट. तिने सासऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि म्हणाली, की मामा, एवढंच ना? दुसरं सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स. ते घेऊ. कितीही जणांना आत जाता येतं, आतून उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, आणि गोरक्षभाऊंनाच काय, साऱ्या तालुक्याला वाटून टाकलं तरी कुणी विचारत नाही.

वर्प्यांचा चेहरा उजळला. मग सवयीने त्यांनी विचारलं, की कितीला?

"फुकट आहे, मामा."

वर्पे उठून उभे राहिले, जणू कुणी पाटाखाली विंचू दाखवला.

"फुकट म्हणजे? कुणी केलंय ते?"

"बऱ्याच लोकांनी. जगभरातल्या. हजारो असतील."

"हजारो," वर्पे म्हणाले आणि परत खाली बसले.

त्यांच्या पुढे पडलेला पेच नीट समजून घेतला पाहिजे. पैसे देऊन घेतलेलं गोरक्षला देता येत नव्हतं. गोरक्षला देता येईल असं जे होतं ते फुकट होतं. म्हणजे खालच्या वाडीच्या एका गोरक्षचं उसनं फेडण्यासाठी वर्प्यांनी साऱ्या पृथ्वीचं उसनं अंगावर घ्यायचं. एक माणूस वर्षभर चुकवत होता तर ही हालत. हजारोंच्या मागे फिरायचं तर जन्म कुठून आणायचे? ज्योतीने त्यांचा जीव थोडा हलका व्हावा म्हणून सांगितलं, की अगदीच काही फुकट नाही, जिथे वेबसाईट ठेवायची त्या जागेचं भाडं पडतं. वर्प्यांनी आशेने विचारलं, की ते भाडं थोडं वाढवून मिळेल का?

मग त्यांनी फेडीच्या कामाला हात घातला. संस्थेच्या लेटरहेडवर त्यांनी मजकूर केला: आपण केलेल्या मौल्यवान सॉफ्टवेअरचा लाभ आमची संस्था घेऊ इच्छिते, तरी सर्वांनी आपापला पूर्ण पत्ता कळवावा, घरचे गाईचे तूप पाठविणे आहे. ज्योती नको नको म्हणत होती. शेवटी तिने तो इंग्रजी करून, ते सॉफ्टवेअर करणारे लोक जिथे आपसात बोलतात तिथे टाकला. ब्राझीलच्या एकाने कळवलं, की तो दुधातुपाचं खात नाही. दुसऱ्या कुणी विचारलं, की तूप हा कुठल्या कंपनीचा प्रोग्रॅम आहे? आणि संध्याकाळच्या आत तिथल्या राखणदारांनी तो मजकूर पुसून टाकला. कारण असं दिलं होतं, की फुकट वस्तूचं आमिष दाखवून लोकांचे पत्ते गोळा करणाऱ्या भामट्यांपासून सावध राहावे.

आभार मानायला गेला म्हणून भामटा ठरलेला बाभुळदऱ्याचा हा पहिलाच माणूस. वर्पे दोन दिवस पाण्यावर राहिले.

तिसऱ्या दिवशी ज्योतीने त्यांना त्या सॉफ्टवेअरचं लायसन मराठीत समजावून सांगितलं. कारण तेही बिनलायसनचं नव्हतं. त्यात पैशाची अट नव्हती, पण एक अट होती: तुम्ही पुढे कुणाला द्याल तर तुम्हाला मिळालं तसं मोकळं द्या; तुमची भर घातली असेल तर तीही उघडी ठेवा; मधेच कुलूप घालू नका.

"म्हणजे फेड मागच्याला नाही, पुढच्याला," वर्पे म्हणाले. "हे असलं उसनं मी कुठं पाहिलं नाही."

सत्यशीलाबाई आतून ऐकत होत्या. नवऱ्याच्या उपासाला त्या कंटाळल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "पाहिलं न्हाई काय? गाय व्याली का चीक कोण इकतं? घरोघर वाटतंच ना?"

वर्पे ताठ बसले. "चिकाचा तांब्या मी कधी कुणाला रिकामा परत दिलाय? मूठभर गहू, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच दिलाय. यांचा तांब्या कुठाय? त्यात काय घालू?"

 तांब्या ज्योतीकडे निघाला. तिने कॉम्प्युटर सासऱ्यांकडे वळवला. सॉफ्टवेअर मराठीत होतं, पण अर्धवट. मधे मधे इंग्रजी वाक्यं तशीच राहिली होती, आणि ती मराठीत करायला कुणीही यावं असं तिथे लिहिलेलं होतं. ज्योती इंग्रजीचा अर्थ सांगणार, वर्प्यांनी मराठी घालायची. हा तांब्या, मामा. घाला काय घालायचं ते.

पुढचा महिनाभर वर्पे धारा झाल्या की ओट्यावर खुर्ची टाकून सॉफ्टवेअरला मराठी शिकवत बसले. सभांची इतिवृत्तं लिहून त्यांचा हात तयार झालेला. कुणी चुकीचा पासवर्ड टाकला तर काय म्हणायचं? वर्प्यांनी लिहिलं: 'पासवर्ड चुकला. घाई करू नये.' पान सापडलं नाही तर? 'हे पान जागेवर नाही. कुणी नेले असल्यास आणून ठेवावे.' एखादी गोष्ट कायमची पुसायची असेल तेव्हा सॉफ्टवेअर एकदा विचारून खात्री करतं. वर्प्यांनी विचारलं: 'पुसायचे नक्की ठरले आहे काय? घरी बोलणे झाले आहे काय?'

हे सगळं तपासायला तिथे एक ज्ञानेश्वर नावाचा माणूस होता. वर्प्यांना वाटलं, असेल अमेरिकेत. तो निघाला जामखेडकडच्या खर्ड्याचा शाळामास्तर. सुट्टीत हे काम बिनपगारी करायचा. त्याने वर्प्यांना नम्रपणे कळवलं, की सॉफ्टवेअरने लोकांच्या घरच्या गोष्टींत पडू नये. वर्प्यांनी उलट कळवलं, की पुसलेलं परत येत नाही, विचारलेलं बरं. दोन दिवस जामखेड तालुका आणि संगमनेर तालुका यांच्यात तोलामोलाचं भांडण झालं. शेवटी घरचं बोलणं गेलं, घाई राहिली. आजही कुठल्याशा देशात बसलेला एखादा मराठी माणूस पासवर्ड चुकवतो, तेव्हा बाभुळदऱ्याचे वर्पे त्याला घाई करू नये म्हणून बजावतात.

वेबसाईटही तयार झाली. गाई, तूप, दर, सगळं जागच्या जागी. अकराही संचालक एकेकदा आत जाऊन आले आणि आत काही नाही म्हणून नाराज झाले. आता फक्त सभेची मंजुरी बाकी होती.

पण सभा म्हटली की रामहरी आबा, आणि आबा म्हटले की सत्कार. आजवर कुणी संस्थेला भिंतीवरचं घड्याळ दिलं तरी दात्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय आबांनी ते घड्याळ लावू दिलेलं नाही. एका दात्याला यायला उशीर झाला तेव्हा ते घड्याळ सत्कार होईपर्यंत कपाटात टिकटिकत होतं. आबांचा प्रश्न सरळ होता, की एवढं मोठं सॉफ्टवेअर फुकट आलं, मग दाता कोण? ज्योतीने समजावलं, की दाते हजारो आहेत, जगभर आहेत. आबांनी विचार केला आणि एक खुर्ची मांडायला सांगितली. दाते येऊ शकत नसतील तर खुर्चीचा सत्कार करू, पण सत्काराशिवाय ठराव नाही.

सभेच्या दिवशी मंदिरापुढच्या मंडपात गर्दी झाली. आबांचं बोलावणं म्हणून खालच्या वाडीचा गोरक्षही पुढच्या रांगेत बसला होता. व्यासपीठावर मधोमध रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल, शालीवर नारळ, पाठीमागे कागद: 'जगातील सर्व दाते'. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नुसतं मागून एकाने विचारलं, की पाव्हणे कवा येणार?

आबा खुर्चीपुढे हात जोडून उभे राहिले. सत्काराआधी ज्योतीने पडद्यावर वेबसाईट दाखवली, आणि सभेला खात्री पटावी म्हणून जगातल्या त्या दात्यांच्या नावांचं पानही उघडलं. नावं इंग्रजीत वर वर सरकू लागली. माणसं तोंडं उघडी टाकून बघत होती. आबा शाळेत इंग्रजीपर्यंत पोचले होते; ते बोट रोखून वाचू लागले, आणि एकाएकी त्यांचं बोट थांबलं.

"हे वर्पे म्हंजी आपलाच वर्प्या न्हाई का?"

ज्योती म्हणाली, हो, मामांनी मराठी केलं ना, म्हणून नाव लागलं.

मंडपात कुजबूज झाली. आबांनी पडद्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान आणलं की जणू हरवलेलं जनावर कोंडवाड्यात सापडलं. दाता गावातच होता. मग रिकाम्या खुर्चीला शाल घालून नारळ कशाला वाया घालवायचा? त्यांनी वर्प्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं.

वर्पे इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि हलले नाहीत. म्हणाले, की मी जे केलं ते फेडण्यासाठी केलं. फेडीबद्दल शाल घेतली तर ते फिटलं कुठे? उलट चढलं.

"वर्प्या, आता ऐक," आबा माईकवरच म्हणाले. "दात्याचा सत्कार न्हाई, तर ठराव न्हाई. ठराव न्हाई, तर वेबसाईट न्हाई. आन् वेबसाईट न्हाई, तर त्या गोरक्षला काय देतोस? माझं डोकं?"

सगळ्यांनी गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष हसत होता. त्याला वाटलं तर तो उठून म्हणू शकला असता, की जाऊ द्या, मला काही नको. पण तो तसं म्हणाला नाही. या माणसाने वर्षभर आपला पिच्छा पुरवला, त्याला एकदा तरी काहीतरी घेताना बघायची त्याची फार इच्छा असावी.

वर्प्यांनी पेन खिशात ठेवलं. पायऱ्या चढून ते व्यासपीठावर आले, खुर्चीवरचा नारळ आणि शाल उचलली, आणि बसले. बसले म्हणजे खुर्चीच्या कडेवर, एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा बसतो तसे. आबांनी शाल घेऊन त्यांना पांघरली. शाल चांगली होती. वर्प्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. तिथे पेनांशिवाय काही नव्हतं, आणि आबांना पेन द्यावं का असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. बायकांच्या रांगेतून सत्यशीलाबाईंनी दुरूनच मान हलवली, की नाही. हात परत मांडीवर आला.

टाळ्या वाजल्या. सूर्यभान सगळ्यांत जोरात वाजवत होता. आबांनी माईक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणाले. वर्प्यांनी माईक धरला, समोरच्या एवढ्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, ज्यांना आता कोथिंबिरीची जुडी नेऊन देता येणार नव्हती. 

"बरं," ते म्हणाले. "घेतलं."

एवढंच बोलून त्यांनी माईक परत दिला. ठराव एकमताने मंजूर झाला, सभा पशुखाद्याच्या दरावर आली, आणि तिथे खरं भांडण सुरू झालं. त्या सगळ्या गदारोळात वर्पे शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून तसेच बसून राहिले. उठा असं कुणी सांगितलंच नव्हतं. गोरक्ष मात्र तेवढ्यात पुढे आला, व्यासपीठाशी वाकून त्याने हळूच विचारलं, की मग आमची कवा लावताय?

"उद्या," वर्पे म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.